इराणचं युरेनियम समृद्धीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेंबूरच्या एका मराठी शाळेत मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. वर्गातली बरीच मुलं गोवंडी-मानखुर्दची, काहींचे वडील ट्रॉम्ब्याला अणुकेंद्रात कामाला. जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब पडले तेव्हा त्याच मुलांचे, आता संसाराला लागलेल्यांचे, फोन सुरू झाले. कुणाचा भाऊ आखातात जहाजावर, कुणाचा वाशीच्या मार्केटात सुक्या मेव्याचा गाळा, कुणी नुसतीच बातम्यांनी घाबरलेली. प्रश्न फिरून फिरून तेच. म्हणून ते प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. टीव्हीवर क्षेपणास्त्रांबद्दल पुष्कळ ऐकायला मिळतं, मोजमापाबद्दल फार कमी. मला मात्र हा सगळा वाद मुळात मोजमापाचाच वाटतो: कुणाकडे काय किती आहे, आणि ते बाहेरच्या माणसाला मोजू दिलं जातंय का.

बाई, युरेनियम ‘समृद्ध’ करायचं म्हणजे त्यात काहीतरी मिसळायचं का?

नाही, उलट त्यातून काढून टाकायचं. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये मुख्यतः दोन प्रकारचे अणू असतात, युरेनियम-२३८ आणि युरेनियम-२३५. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघे सारखेच, फरक फक्त तीन न्यूट्रॉनच्या वजनाचा. पण मंद न्यूट्रॉन आदळला की सहज फुटतो आणि साखळी अभिक्रिया पुढे चालू ठेवतो तो २३५. आणि तोच दुर्मीळ, हजार अणूंमागे जेमतेम सात.

सुपात हजार दाणे आहेत असं समजा. त्यात सात आंबेमोहोराचे, बाकी ९९३ साध्या तांदळाचे, आणि दिसायला सगळे एकसारखे. आंबेमोहोर वाढवता येत नाही, साधे दाणे मात्र वेचून बाहेर टाकता येतात. जितके टाकाल तितकं सुपात उरलेल्यात आंबेमोहोराचं प्रमाण वाढतं. समृद्धीकरण म्हणजे हे निवडणं.

दिसायला सारखे, गुणांनी सारखे, मग निवडायचे कसे?

वजनावरून. त्यासाठी युरेनियमचं फ्लोरिनशी संयुग करतात, युरेनियम हेक्झाफ्लोराइड. नेहमीच्या तापमानाला ते घन असतं आणि साधारण ५६-५७ अंश सेल्सिअसला थेट वायू होतं. फ्लोरिनच घेण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि वर्गात ते सांगताना मला फार आनंद व्हायचा. निसर्गात फ्लोरिनचा एकच समस्थानिक, म्हणजे एकाच वजनाचा अणू, सापडतो. त्यामुळे दोन रेणूंच्या वजनात जो फरक पडतो तो निव्वळ युरेनियममुळे. एक रेणू ३४९ वजनाचा, दुसरा ३५२ चा. एक टक्क्याहूनही कमी फरक, आणि सगळा उद्योग त्यावर उभा.

हा वायू सेंट्रिफ्यूज नावाच्या उंच, सडपातळ नळकांड्यात सोडतात. इराणचं जुनं आयआर-१ यंत्र सेकंदाला हजारभर फेऱ्या घेतं. जड रेणू भिंतीकडे फेकले जातात, हलके मधल्या भागात राहतात. डेअरीत दुधातून साय वेगळी काढणारं यंत्र याच तत्त्वावर चालतं. मात्र एका नळकांड्यातून मिळणारा फरक नगण्य असतो, म्हणून एकाचा वायू दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात अशी साखळी लावावी लागते. इराणचं मुख्य समृद्धीकरण केंद्र नतांझला. तिथल्या सुरुवातीच्या साखळ्यांत प्रत्येकी १६४ यंत्रं होती. एवढ्या वेगाने फिरणारी वस्तू नाजूक असते. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या ‘स्टक्सनेट’ या संगणकी विषाणूने नतांझच्या यंत्रांचा वेग गुपचूप बदलूनच त्यांची नासधूस केली.

३.६७, ५, २०, ६०, ९० टक्के... या आकड्यांवरून एवढा वाद कशाला?

एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. ऐकताना वाटतं की ६० पासून ९० अजून खूप लांब आहे. शाळेत साठ टक्के मिळवणाऱ्याला नव्वद मिळवायला किती कष्ट पडतात ते आपण जाणतो. इथे मात्र उलटं आहे.

पुन्हा ते सूप घ्या. हजारात सात. आंबेमोहोराचं प्रमाण ५ टक्के करायचं, तर सुपात १४० दाणे उरायला हवेत, म्हणजे ८६० साधे दाणे बाहेर टाकायचे. २० टक्के करायचं, तर ३५ दाणे उरायला हवेत, म्हणजे आणखी १०५ टाकायचे. ६० टक्क्यांना साधारण १२ दाणे उरतात, आणखी २३ टाकले की झालं. आणि ९० टक्क्यांना उरतात आठ. म्हणजे शेवटच्या टप्प्यात टाकायचे फक्त चार.

प्रत्यक्ष कारखान्यात काही २३५ टाकाऊ भागाबरोबर निसटतोच, त्यामुळे हिशेब इतका चोख बसत नाही, पण चित्र खरं आहे. वीजनिर्मितीसाठी लागणाऱ्या ३ ते ५ टक्क्यांपर्यंत पोचेपर्यंतच निम्म्याहून कितीतरी जास्त मेहनत झालेली असते. २० टक्क्यांना सुमारे नऊ दशांश, आणि ६० टक्क्यांना ९९ टक्के. बॉम्बसाठी योग्य समजलं जातं ते साधारण ९० टक्के. २० टक्के आणि त्यावरच्या मालाला ‘उच्च समृद्ध’ म्हणतात.

म्हणून ‘साठ टक्क्यांवर आहे’ हे वाक्य ऐकून जाणकार अस्वस्थ होतात. उरलेलं काम महिन्यांचं नव्हे, आठवड्यांचं असतं.

म्हणजे इराणकडे बॉम्ब आहे?

इराणने बॉम्ब बनवल्याचा पुरावा कुणीही मांडलेला नाही. समृद्ध युरेनियम आणि बॉम्ब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वायूचा धातू करावा लागतो, स्फोटाची रचना जमवावी लागते, ती वाहून नेणारं साधन लागतं.

इराणने त्या दिशेने कधी पावलं टाकली का? हो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने, म्हणजे आयएईएने, डिसेंबर २०१५ मध्ये जो निष्कर्ष काढला तो असा: २००३ अखेरच्या आधी इराणमध्ये स्फोटक उपकरणाशी संबंधित कामं सुसूत्रपणे चालू होती, त्यातली काही त्यानंतरही झाली, आणि २००९ नंतर तशा हालचालींची विश्वासार्ह चिन्हं नाहीत. हा निष्कर्ष दोन्ही बाजूंना अर्धाच सोयीचा आहे, म्हणून दोघेही त्यातला अर्धाच सांगतात.

साठ्याबद्दल मात्र आकडा आहे. आयएईएच्या हिशेबाप्रमाणे १३ जून २०२५ रोजी इराणकडे ६० टक्के समृद्ध युरेनियम ४४०.९ किलो होतं. संस्थेच्याच मोजपट्टीने असं सुमारे ४२ किलो युरेनियम आणखी समृद्ध केलं तर एका बॉम्बपुरतं होतं. भागाकार तुम्हीच करा.

हे सुरू कधी झालं? इराणला हे शिकवलं कुणी?

अमेरिकेने. १९५७ मध्ये शहांच्या, म्हणजे इराणच्या राजाच्या, राजवटीत दोन्ही देशांत अणुसहकार्याचा करार झाला, आणि १९६७ मध्ये अमेरिकेने दिलेली पाच मेगावॉटची संशोधन अणुभट्टी तेहरानमध्ये सुरू झाली. तिचं पहिलं इंधन ९० टक्क्यांहून अधिक समृद्ध होतं, तेही अमेरिकेनेच दिलेलं. अण्वस्त्रप्रसारबंदी करार १ जुलै १९६८ ला सह्यांसाठी खुला झाला आणि इराणने पहिल्याच दिवशी सही केली. बुशेहरचा वीजप्रकल्प १९७५ मध्ये जर्मन कंपनीने बांधायला घेतला. १९७९ ला क्रांती झाली, जर्मन निघून गेले, पुढे इराकशी झालेल्या युद्धात अर्धवट बांधकामावर बॉम्ब पडले. शेवटी रशियाने तो पूर्ण केला आणि २०११ मध्ये तिथली वीज जाळ्यात आली.

सेंट्रिफ्यूजचं ज्ञान मात्र चोरवाटेने आलं. पाकिस्तानचे अब्दुल कादीर खान १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये काम करत असताना तिथले आराखडे घेऊन मायदेशी परतले, आणि पुढे त्यांच्या जाळ्याने तेच तंत्र इराणला, लिबियाला आणि उत्तर कोरियाला पुरवलं. इराणचं आयआर-१ हे पाकिस्तानी यंत्राचंच भावंड. ऑगस्ट २००२ मध्ये इराणी विरोधकांच्या एका गटाने नतांझ आणि अराक या गुप्त अणुकेंद्रांची नावं जाहीर केली तेव्हा जगाला हे कळलं.

कच्चं युरेनियम येतं कुठून?

काही परदेशातून घेतलेलं, काही इराणच्याच खाणींतलं. एक खाण सागंदला आहे, आणि तिथल्या खनिजापासून पिवळी पूड करण्याचा कारखाना अर्दकानला. दोन्ही ठिकाणं यझ्द प्रांतात. आपल्या इराणी हॉटेलांच्या मालकांच्या आजोबा-पणजोबांपैकी कितीतरी जण याच यझ्दच्या गावांतून मुंबईत आले. यझ्द हे नाव आपल्याला पाव-मस्क्यामुळे ठाऊक, आणि व्हिएन्नातल्या आयएईएच्या निरीक्षकांना युरेनियमच्या नोंदवहीमुळे.

इराणचं स्वतःचं म्हणणं काय आहे?

हे नीट ऐकून घ्यायला हवं. प्रसारबंदी कराराचं चौथं कलम सांगतं की शांततेसाठी अणुऊर्जा वापरण्याचा अधिकार प्रत्येक सदस्याला आहे. जपान, जर्मनी, नेदरलँड्स, ब्राझील समृद्धीकरण करतात आणि त्यांच्याकडे बॉम्ब नाही. मग आम्हालाच बंदी का, असं इराण विचारतो. अण्वस्त्रं धर्माला निषिद्ध असल्याचं १९८९ मध्ये इराणचे सर्वोच्च नेते झालेले अली खामेनी यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. आणि ‘इंधन आम्ही पुरवू, तुम्ही बनवू नका’ या आश्वासनावर इराणचा विश्वास नाही, त्याला कारण आहे. शहांच्या काळात इराणने फ्रान्समधल्या युरोडिफ या समृद्धीकरण प्रकल्पात पैसे गुंतवले होते. क्रांतीनंतर तिथून समृद्ध युरेनियम मिळालंच नाही.

हे दुखणं आपल्या ओळखीचं आहे. मुंबईपासून साधारण शंभर किलोमीटरवर तारापूर आहे. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, अमेरिकी बनावटीच्या, समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या. इंधन अमेरिका देणार असा १९६३ चा करार होता. पोखरणचा १९७४ चा स्फोट झाला, १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला, आणि इंधन अडकलं. मग फ्रान्सकडून, पुढे चीनकडून, नंतर रशियाकडून आणून त्या भट्ट्या चालवल्या. सही केलेल्या करारातलं इंधन दुसऱ्याच्या संसदेत अडकतं तेव्हा काय होतं, हे पालघर जिल्ह्याने पाहिलेलं आहे. इराणच्या या मुद्द्याला मी कधीच बहाणा म्हणणार नाही.

मग जगाला चिंता कशाची वाटते?

लपवाछपवीची. नतांझ कळलं ते विरोधकांकडून. कोम शहराजवळ डोंगराच्या पोटात खोदलेलं फोर्दोचं समृद्धीकरण केंद्र जगापुढे आलं सप्टेंबर २००९ मध्ये, पाश्चिमात्य देशांनी उघड केल्यावर. इराणने आयएईएला पत्र लिहून कळवलं, पण जेमतेम काही दिवस आधी, भांडं फुटणार हे दिसल्यावर. पुढे तुर्कुझाबाद, वरामीन अशा कधीच जाहीर न केलेल्या ठिकाणी युरेनियमचे कण सापडले, आणि त्यांचं समाधानकारक स्पष्टीकरण आलं नाही.

दुसरी गोष्ट गरजेची. बुशेहरचं इंधन रशियातून येतं. ६० टक्के युरेनियम लागेल अशी कुठलीही वीजभट्टी इराणमध्ये नाही. अण्वस्त्रं नसलेल्या देशांपैकी एवढ्या पातळीपर्यंत समृद्धीकरण करणारा इराण एकटाच, हे आयएईएचे प्रमुख राफाएल ग्रोसी पुन्हा पुन्हा सांगत आले. कराराने दिलेला अधिकार खरा आहे, पण त्याच कराराच्या तिसऱ्या कलमात तपासणी मान्य केलेली आहे. चौथं कलम दाखवायचं आणि तिसरं झाकायचं, हे मला पटत नाही.

औषधांसाठी २० टक्के लागतं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. तेहरानची संशोधन भट्टी पुढे २० टक्क्यांच्या इंधनावर चालवायला घेतली, ते इंधन अर्जेंटिनाने दिलं होतं. त्या भट्टीत कर्करोगाच्या आणि हृदयाच्या तपासण्यांसाठी लागणारे किरणोत्सारी पदार्थ तयार होतात. परळला टाटा रुग्णालयात ज्यांच्या घरातलं कुणी हाडांच्या स्कॅनसाठी गेलं असेल त्यांनी ‘टेक्नेशियम’ हे नाव ऐकलं असेल, तसेच. २००९ मध्ये तिथलं इंधन संपत आलं. इराणचं कमी समृद्ध युरेनियम बाहेर पाठवून बदल्यात तयार इंधन देण्याची योजना पुढे आली आणि फिसकटली, आणि फेब्रुवारी २०१० पासून इराणने स्वतःच २० टक्के करायला घेतलं. ती योजना यशस्वी व्हायला हवी होती असं मला आजही वाटतं. रुग्णांचं इंधन वाटाघाटीचा पत्ता बनू नये.

आयएईएचे निरीक्षक तिथे जाऊन नेमकं करतात काय?

हिशेब करतात. वायूचे सिलिंडर वजन करून पाहतात, साखळ्यांच्या नळ्यांमधून नमुने घेतात, जागोजागी सील लावतात, कॅमेरे बसवतात. आत किती आलं, बाहेर किती गेलं, मध्ये किती आहे, यांचा मेळ बसला पाहिजे. वाण्याच्या वहीसारखंच, पण ग्रॅमपर्यंत.

त्यांचं सगळ्यात जबरदस्त हत्यार म्हणजे सुती कापडाचा तुकडा. भिंत, यंत्र, टेबल त्या कापडाने पुसायचं आणि ते व्हिएन्नाजवळच्या झायबर्सडॉर्फच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. डोळ्याला न दिसणाऱ्या एका कणावरूनही तिथे किती टक्के समृद्धीकरण झालं होतं ते कळतं. २००३ मध्ये तेहरानच्या कलाये इलेक्ट्रिक नावाच्या जागेचे नमुने घ्यायचे होते. निरीक्षकांना आत जाऊ देईपर्यंत तिथे बरीच डागडुजी करून टाकलेली होती. तरीही कण सापडले.

या गोष्टीचा पुढचा भाग क्वचितच कुणी सांगतं. नतांझलाही उच्च समृद्ध युरेनियमचे कण मिळाले होते. इराण म्हणाला, हे आमचे नाहीत, विकत घेतलेल्या जुन्या सुट्या भागांना चिकटून आलेले आहेत. कुणाचा विश्वास बसेना. मग पाकिस्तानने तपासणीसाठी सेंट्रिफ्यूजचे भाग दिले, कण ताडून पाहिले गेले, आणि २००५ मध्ये आयएईएने म्हटलं की बहुतांश कणांबाबत इराणचं म्हणणं जुळतंय. ज्या कापडाने इराणला पकडलं त्याच कापडाने त्याच्या एका म्हणण्याला आधार दिला. मोजमाप कुणाची बाजू घेत नाही, म्हणून ते चालू राहणं इराणच्याही हिताचं होतं.

२०१५ चा करार काय होता, आणि तो का मोडला?

१४ जुलै २०१५ ला व्हिएन्नात इराण, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, रशिया, चीन आणि युरोपीय संघ यांच्यात झालेला करार. १५ वर्षं ३.६७ टक्क्यांच्या वर जायचं नाही, साठा ३०० किलोच्या वर न्यायचा नाही, फोर्दोत समृद्धीकरण नाही, नतांझला दहा वर्षं ५,०६० यंत्रंच चालवायची. अराकच्या अणुभट्टीच्या गाभ्यात काँक्रीट ओतलं गेलं. सुमारे ११ टन समृद्ध माल जहाजाने रशियाला गेला. बदल्यात निर्बंध उठले. एका बॉम्बपुरता माल तयार करायला लागणारा वेळ दोन-तीन महिन्यांवरून वर्षभरावर गेला.

करार परिपूर्ण नव्हता, मुदती संपणाऱ्या होत्या. पण त्या काळात निरीक्षकांना जितकं दिसत होतं तितकं आधीही दिसलं नव्हतं आणि नंतरही दिसलं नाही. इराण मर्यादा पाळतोय असे अहवाल येत असतानाच ८ मे २०१८ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेला बाहेर काढलं. इराणने वर्षभर वाट पाहिली, आणि जुलै २०१९ पासून एकेक मर्यादा ओलांडायला सुरुवात केली. जानेवारी २०२१ मध्ये २० टक्के. एप्रिल २०२१ मध्ये नतांझला घातपात झाला आणि त्याच महिन्यात ६० टक्के. २०२२ मध्ये कॅमेरे उतरवले.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक म्हणजे २०१८ ची माघार. मोजता येत होतं ते मोजता येईनासं झालं, त्याची सुरुवात तिथे आहे.

जून २०२५ मध्ये काय घडलं?

१२ जूनला आयएईएच्या नियामक मंडळाने इराण आपली बंधनं पाळत नसल्याचा ठराव केला. १३ जूनला इस्रायलने हल्ले सुरू केले. २२ जूनला अमेरिकेच्या बी-२ विमानांनी फोर्दो आणि नतांझवर मिळून १४ बॉम्ब टाकले, एकेक बॉम्ब १३ टनांहून अधिक वजनाचा, आणि इस्फहानच्या अणुकेंद्रावर क्षेपणास्त्रं डागली गेली. २४ जूनला युद्धविराम झाला. इराणमध्ये हजाराहून अधिक माणसं मारली गेली, इस्रायलमध्येही माणसं गेली.

यंत्रांचं मोठं नुकसान झालं. पण ते ४४०.९ किलो निरीक्षकांच्या नजरेआड गेलं. जुलैच्या सुरुवातीला इराणने आयएईएशी सहकार्य थांबवलं आणि निरीक्षक देशाबाहेर पडले. १३ जूनच्या आधी साठा धोकादायक होता, पण त्याच्यावर सील होतं.

‘स्नॅपबॅक’ म्हणजे काय?

२०१५ च्या करारातली तरतूद: इराणने करार मोडला असं एखाद्या सदस्याला वाटलं तर संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंध तीस दिवसांत आपोआप परत यायचे, नकाराधिकार चालायचा नाही. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीने २८ ऑगस्ट २०२५ ला ती वापरली आणि सप्टेंबरअखेर निर्बंध परतले. रशिया आणि चीनने ते मानायला नकार दिला.

भारताने बॉम्ब केला तर चालतो, इराणने केला तर का नाही?

एका माजी विद्यार्थ्याने हे रागाने विचारलं, आणि त्याचा राग मला समजतो.

कायद्याचं उत्तर सोपं. भारताने प्रसारबंदी करारावर सही केली नाही. १९६७ च्या आधी ज्यांनी स्फोट केले त्यांनी बॉम्ब ठेवायचे आणि बाकीच्यांनी शपथ घ्यायची, हा भेदभाव आपल्याला मान्य नव्हता. पाकिस्ताननेही सही केली नाही, इस्रायलनेही नाही. इराणने केली, म्हणून तो बांधलेला आहे.

पण एवढंच सांगून थांबले तर मी अर्धंच शिकवलं असं होईल. १९७४ च्या पोखरण स्फोटातलं प्लुटोनियम ट्रॉम्ब्याच्या सायरस अणुभट्टीतून आलं. ती भट्टी कॅनडाने दिली होती, जड पाणी अमेरिकेने, आणि दोन्ही शांततेच्या वापरासाठी. कॅनडाने त्यानंतर सहकार्य तोडलं, आणि अणुपुरवठादार देशांचा गट स्थापन झाला तो या स्फोटामुळेच. शांततेसाठी दिलेलं तंत्र दुसरीकडे वळू शकतं हे जगाने आपल्याकडे पाहून शिकलं. मानखुर्दच्या पुढे ज्या कुंपणाच्या कडेने आपण आयुष्यभर जा-ये केली, त्याच्या आतली ही गोष्ट आहे. ती माहीत असलेल्या माणसाने इराणबद्दल बोलताना आवाज जरा खाली ठेवावा असं मला वाटतं. इस्रायलचं दिमोनाचं अणुकेंद्र निरीक्षकांना बंद आहे, ही इराणची तक्रारही खोटी नाही.

सप्टेंबर २००५ मध्ये आयएईएत भारताने इराणच्या विरोधात मत दिलं. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेशी आपला अणुसहकार्याचा संयुक्त जाहीरनामा झाला होता. देशात त्यावरून खूप वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

ट्रॉम्ब्याला समृद्धीकरण होतं का?

भारताचा ओळखला जाणारा समृद्धीकरण कारखाना म्हैसूरजवळ रत्तेहळ्ळीला आहे. आपल्या बहुतेक वीजभट्ट्या जड पाण्यावर आणि नैसर्गिक युरेनियमवर चालतात, त्यांना समृद्धीकरण लागतच नाही. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्याही तशाच. ट्रॉम्ब्याची ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली ती मात्र ब्रिटनहून आलेल्या समृद्ध इंधनावर.

इराणवर बॉम्ब पडले तर किरणोत्सर्ग मुंबईपर्यंत येईल का?

नतांझ-फोर्दोहून नाही. अंतर अडीच हजार किलोमीटरांहून जास्त आहे. आणि समृद्धीकरण कारखान्यात अणू फोडले जात नाहीत, त्यामुळे चेर्नोबिलसारखे घातक पदार्थ तिथे नसतात. हेक्झाफ्लोराइड गळलं तर दमट हवेशी संयोग होऊन त्यातून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं, ते आजूबाजूच्या लोकांना भयंकर घातक असतं, पण स्थानिक. जूनच्या हल्ल्यांनंतर या केंद्रांबाहेर किरणोत्सर्गाची पातळी वाढल्याचं आढळलं नाही.

बुशेहर वेगळं. ती चालती अणुभट्टी आहे, समुद्रकाठी. तिला इजा झाली तर आधी आखात भोगेल, जिथे लाखो लोक समुद्राचंच पाणी गोडं करून पितात. त्यांत आपली कोकणातली, केरळातली माणसंही आली.

आपल्या खिशाला याची झळ कशी लागते?

होर्मुझची सामुद्रधुनी. २०२४ मध्ये जगात वापरल्या गेलेल्या तेलापैकी साधारण पाचवा हिस्सा या चिंचोळ्या वाटेने गेला. माहुलच्या रिफायनऱ्यांना, घरच्या सिलिंडरला, रिक्षाच्या सीएनजीला त्या वाटेची आच लागते. इराणचं तेल भारताने मे २०१९ पासून अमेरिकी निर्बंधांमुळे घेणं थांबवलं. वाशीच्या मार्केटात इराणी खजूर, पिस्ते, केशर, सफरचंद येतात, इकडून बासमती आणि चहा जातो, आणि हा व्यापार प्रत्येक निर्बंधाला बँकेच्या दारात अडखळतो. चाबहार बंदराचा दहा वर्षांचा करार आपण मे २०२४ मध्ये केला, त्याच्या डोक्यावरही तेच सावट.

डोंगरीच्या इराण्यांकडे लोक आता वेगळ्या नजरेने बघतात. काय सांगायचं?

डोंगरीतली इराण्यांची मुघल मशीद १८६० ची आहे. ही माणसं मुंबईची आहेत. नतांझमध्ये काय चाललंय याचा जाब त्यांना विचारायचा नाही.

या वाटेवरून कुणी परत फिरलंय का?

हो, आणि वर्तमानपत्रांत त्याला जागा मिळत नाही याचं मला दुःख होतं. दक्षिण आफ्रिकेने स्वतः समृद्ध केलेल्या युरेनियमपासून सहा बॉम्ब बनवले होते. ते मोडून १९९१ मध्ये तो देश प्रसारबंदी करारात आला, आणि १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी संसदेत ते जाहीर केलं. मग आयएईएने तिथल्या जुन्या नोंदवह्या वर्षावर्षाने तपासल्या आणि हिशेब जुळवला.

ब्राझील आणि अर्जेंटिना एकमेकांकडे संशयाने बघायचे. १९९१ मध्ये त्यांनी संयुक्त संस्था काढली. ब्राझीलचे निरीक्षक अर्जेंटिनात जातात, अर्जेंटिनाचे ब्राझीलमध्ये. आखातातले देश आणि इराण यांनी मिळून समृद्धीकरण करावं आणि एकमेकांवर नजर ठेवावी, अशी सूचना इराणबाबतही झालेली आहे. मला ती आवडते, कारण तिच्यात कुणाला मान खाली घालावी लागत नाही.

बातमी वाचताना कोणत्या आकड्याकडे बघायचं?

आधी तारखेकडे. साठ्याचा आकडा कोणत्या दिवशीचा आहे आणि तो मोजलेला आहे की अंदाज, हे बहुतेक बातम्यांत शेवटच्या परिच्छेदात असतं. मग टक्क्यांकडे, कारण ५ टक्क्यांचं टनभर आणि ६० टक्क्यांचं टनभर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि वजन युरेनियमचं दिलंय की हेक्झाफ्लोराइडचं, तेही पाहा. २०१५ च्या करारातली मर्यादा कुठे ३०० किलो लिहितात, कुठे २०२.८ किलो. पहिला आकडा संयुगाचा, दुसरा त्यातल्या युरेनियमचा. दोन्ही बरोबर आहेत.